कडेला उभी असलेली माणसं

आपले डोळे ठणठणीत आहेत असं ज्यांना वाटतं आणि जे रोज गाडी चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मलाही तसंच वाटायचं. मला समोरचं अजून स्वच्छ दिसतं. हे लिहिताना मोबाईलवरचं प्रत्येक अक्षर दिसतंय. मोबाईलच्या शेजारी ठेवलेला चहाचा कप मात्र दिसत नाही. तो तिथे आहे हे मला माहीत आहे, कारण मीच तो तिथे ठेवला.

माझं नाव सुजाता. डोंबिवलीतल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी बरीच वर्षं गाडी शिकवायचे. बायका मुद्दाम माझं नाव घेऊन यायच्या. नवऱ्याकडून शिकताना ओरडा खाऊन आलेल्या, पन्नाशीत पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्या, हात थरथरणाऱ्या. मी डावीकडच्या सीटवर बसायचे, पायाखाली माझा वेगळा क्लच, माझा वेगळा ब्रेक. आमच्या गाडीला दोन ब्रेक असतात, म्हणून शिकणाऱ्याला धीर येतो.

पहिल्या दिवशी मी कुणाला स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारायला लावायचे. मग माझे नियम. सिग्नलला थांबलात तरी फोन मांडीवर घ्यायचा नाही. पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची नाही. थांबलेल्या बसच्या डावीकडून कधी घुसायचं नाही, तिथून माणसं उतरतात. ब्रेकच्या जागी हॉर्न वापरायचा नाही. आणि वळताना फक्त आरशात नाही बघायचं, मान वळवायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, मॅडम, मान दुखते हो. मी म्हणायचे, दुखू दे.

शिल्पाने ब्रेक मारला

शिल्पा बँकेत कामाला होती, रविवारी सकाळी शिकायला यायची. आम्ही एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग काहीच नाही. एकदम शिल्पाने करकचून ब्रेक दाबला. गाडी धक्का खाऊन बंद पडली आणि माझं डोकं पुढे गेलं. बोनेटसमोरून पाण्याचे जार बांधलेली एक सायकल गेली. सायकलवाल्याने आमच्याकडे रागाने पाहिलं आणि तो निघून गेला.

"छान मारलास ब्रेक," मी म्हटलं.

"मॅडम, पण तुम्ही नाही मारला," शिल्पा म्हणाली. तिला घाम फुटला होता. "तो तुमच्याच बाजूने आला ना. केव्हाचा येत होता. मला वाटलं तुम्ही माराल."

"मला दिसला नाही."

ती हसली. मी मस्करी करतेय असं तिला वाटलं. मी डावीकडे पाहिलं. ती गल्ली चांगली रुंद होती, आड यायला झाड नाही की उभा ट्रक नाही. इतक्या जवळून, इतक्या सावकाश येणारी सायकल, आणि माझ्या लेखी तो रस्ता रिकामा होता.

त्या दिवशीचे पुढचे क्लास मी रद्द केले. घरी येऊन बसले आणि एकेक आठवायला लागलं. काही महिने माझा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागत होता. ओट्यावर कडेला ठेवलेली भांडी पडत होती. भाजीवाल्याने पुढे केलेले सुटे पैसे दिसायचे नाहीत, तो म्हणायचा, ताई, घ्या ना. मी सगळं दमण्यावर ढकललं होतं.

दिवे

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तर तो बदललेला नव्हता. पण दुकानदाराने डोळ्यात बराच वेळ बॅटरी धरली आणि म्हणाला, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. म्हणून ठाण्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. माझे मिस्टर, महेश, सोबत होते.

तिथे एक तपासणी करतात. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवून बसायचं. एक डोळा झाकायचा. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कडेला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. एक-दोन दिवे दिसले, दाबलं. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले. मशीनची बारीक टकटक चालू होती. शेवटी मी विचारलं, "बंद पडलं का हो?"

तपासणारी मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, चालू आहे. तुम्ही समोर बघत राहा."

तेव्हाच मला कळलं. दिवे लागत होते.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे माझ्यासमोर ठेवले. मध्ये पांढरा भाग, आणि भोवती काळं. डावीकडे जास्त काळं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. आधी कडेचं जातं. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून कळत नाही."

"पण मला असं काळं काहीच दिसत नाही."

"दिसणारच नाही. जे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचंच भरून टाकतो. रस्ता असेल तर रस्ता भरतो."

महेशनी विचारलं, "परत येईल ना? ऑपरेशनने?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करायचा." मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"गाडी शिकवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून नाही," त्या म्हणाल्या. "चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. आज इथे गाडीने आला असाल तर परत जाताना ह्यांना चालवू द्या."

आणि मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का. मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात बाबांचं ताट आठवलं.

आम्ही कल्याणजवळच्या मोहन्याचे. बाबा तिथल्या कंपनीत होते, आम्ही वाढलो ते कंपनीच्या चाळीत. म्हातारपणी बाबा भिंतीला हात लावत चालायचे. सगळे म्हणायचे, मोतीबिंदू असेल, वय झालं. जेवताना ते ताटाच्या मधलं तेवढंच खायचे, कडेची भाजी, चटणी तशीच राहायची. आम्हाला वाटायचं बाबांना भाजी आवडत नाही. आई काही न बोलता अधूनमधून त्यांचं ताट फिरवून द्यायची. मग ते ती भाजीही खायचे.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "भावंडं आहेत?"

"एक मोठा भाऊ. टेम्पो चालवतो, वागळे इस्टेटला."

"त्यांना याच आठवड्यात घेऊन या," त्या म्हणाल्या.

घरातली हवा

ट्रेनिंग स्कूलचे सर भले माणूस होते. म्हणाले, सुजाता, ऑफिसात बस, बायकांना नियम समजावून सांग. काही आठवडे मी बसले. खिडकीतून एल लावलेली आमची पांढरी गाडी निघताना दिसायची. माझ्या जागी एक मुलगा बसायचा, आणि शिकवताना फोनवर बोलत राहायचा. मी सरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बघतो. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी मी जायचंच बंद केलं.

महेशनी आधी मानलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, आयुर्वेदिक बघू. मग म्हणाले, "शिकवायला काय हरकत आहे? तुला चालवायचं थोडंच आहे, नुसतं ब्रेकवर पाय ठेवून बसायचं."

"अहो, कशासाठी मारायचा ब्रेक तेच दिसत नाही मला."

नंतर त्यांची काळजी सुरू झाली. घराबाहेर पडलं की, डावीकडे बघ, पायरी आहे, बाई आहे, सांभाळ. सतत. मी चिडायचे. काही महिन्यांनी तेही दमले. एकदा माझ्या हातून टेबलाच्या कडेचा तांब्या पडला, पाणी त्यांच्या कागदांवर गेलं, आणि ते म्हणाले, "तू मुद्दाम आदळतेस का गं सगळं?" लगेच सॉरी म्हणाले. पण बोलून झालं होतं. आमच्याकडे गाडी कायम मीच चालवायचे, त्यांना हौस नव्हती. खाली कव्हर घालून उभी असलेली ती गाडी आम्ही विकली. ज्याने घेतली त्याने सोसायटीच्या गेटमधून बाहेर काढताना मान वळवली नाही. मला ते वरून, गॅलरीतून दिसलं. एवढं लांबचं, समोरचं, अजून दिसतं.

ऑपरेशन

थेंबांनी दाब आटोक्यात येईना, म्हणून डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डोळ्यातलं पाणी बाहेर जायला एक बारीक वाट करून देतात, एवढंच मला समजलं. सकाळी हिरवा झगा, डोक्याला टोपी, कपाळावर कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्याची खूण. आम्ही सगळे रांगेत खुर्च्यांवर बसलेलो, प्रत्येकाच्या कपाळावर खूण. शेजारची मुंब्र्याची आजी मला म्हणाली, "घाबरू नको बेटा, सुई लागते तेवढंच." तिच्या डोळ्याचं हे तिसरं ऑपरेशन होतं. मी तिला विचारलं, फरक पडतो का. ती म्हणाली, "पडला असता तर तिसरं कशाला केलं असतं?" आणि तिने माझा हात धरून ठेवला. आत नेईपर्यंत सोडला नाही.

नंतरचे दिवस म्हणजे वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, खोकलासुद्धा जपून. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी. थेंब टाकले की आग व्हायची आणि जिभेवर कडू चव यायची. एक गंमत झाली, ती सांगते, कारण अशा आजारात दुसरं हसण्यासारखं काही नसतं. त्या थेंबांनी माझ्या पापण्या लांब आणि दाट झाल्या. बिल्डिंगमधली एक मुलगी विचारायला लागली, काकू, तुम्ही काय लावता? मी तिला खरं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मलाच वाईट वाटलं.

दाब उतरला. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन यशस्वी. पुढच्या तपासणीत काळा भाग थोडा आत सरकलेला होता. त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडा. काही लोकांचं दाब उतरूनही जातच राहतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दादा

आता माझ्या भावाबद्दल. दिनेश नाव, मी दादा म्हणते. माझं निदान झालं त्याच आठवड्यात मी त्याची हॉस्पिटलात वेळ घेतली. तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, माल होता. पुन्हा वेळ घेतली, पुन्हा माल होता. शेवटी मी महेशना घेऊन मोहन्याला गेले.

दादा खाटेवर बसून चहा पीत होता. मी सगळं सांगितलं, बाबांचं ताटसुद्धा. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

"माझे डोळे चांगले आहेत," दादा म्हणाला. "आत्ताच लायसन्स रिन्यू केलं. समोरच्या पाटीवरची सगळी अक्षरं वाचून दाखवली."

"मीपण वाचते. अक्षरं समोर असतात दादा. कडेचं कोण विचारतंय तिथे?"

"तुला झालं म्हणून मला होईल असं कुठे आहे?"

"नाहीये. म्हणून तर तपासायचं. नसेल तर मी तुला पेढे देईन."

"आणि असेल तर?" त्याने कप खाली ठेवला. "असेल तर तू मला काय देशील, सुजा? मला दुसरं काय येतं? पोरीचं अजून शिक्षण आहे."

त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. घरातला सगळ्यात घाबरलेला माणूस तो होता, माझ्याहूनही. त्याने कपाची जागा बघितली नव्हती. कप खाटेच्या कडेवर अर्धा बाहेर होता. वहिनीने पुढे येऊन तो उचलला. तिची आणि माझी नजर भेटली. तिला माहीत होतं.

"वीस वर्षं तोच रस्ता आहे," दादा म्हणाला. "शहाडचा पूल, कल्याण, तिथून ठाणे. डोळे मिटून जाईन. पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. त्याच्यावरची माणसं रोज वेगळी असतात."

तो उठून बाहेर गेला.

मग मी ते केलं जे त्याने कधी माफ केलं नाही. मी वागळे इस्टेटला त्याच्या टेम्पोमालकाकडे गेले. सांगितलं, शेठ, ह्याचे डोळे तपासल्याशिवाय ह्याला गाडी देऊ नका, बसून करायचं काम द्या. शेठने ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "लायसन्स आहे ना त्याचं? मग मी कोण त्याला अडवणारा? इतकी वर्षं एक ओरखडा नाही गाडीला." आणि संध्याकाळी त्यांनी दादाला हसत हसत सांगितलं, तुझी बहीण आलेली.

दादाचा फोन आला. "माझ्या पोटावर पाय द्यायला गेलेलीस?" एवढंच बोलला. त्या वर्षी भाऊबीजेला आला नाही. मी ओवाळणीचं ताट तयार केलं होतं. महेश म्हणाले, राहू दे आता.

सकाळी

त्यानंतर बरेच महिने गेले. एका सकाळी वहिनीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. वागळे इस्टेटमध्ये एका वळणावर दादाच्या टेम्पोने एका माणसाला उडवलं होतं. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन. रस्ता ओलांडत होता. वळणावर टेम्पोचा वेग फार नव्हता, पण माणूस चाकाखाली आला.

दादा पळाला नाही. त्यानेच लोकांच्या मदतीने त्याला रिक्षात घातलं. पोलिसांना म्हणाला, अचानक मध्ये आला.

दादाचा जामीन झाल्यावर वहिनी मला फोनवर म्हणाली, "ताई, डोळ्यांचं कुठे बोलू नका. केस वाढेल."

"मी आपणहून ओरडत फिरणार नाही वहिनी. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

तिने फोन ठेवला.

मी त्या माणसाला बघायला हॉस्पिटलात गेले. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. महेश म्हणाले, जाऊ नकोस, लोक मारतील. कुणी मारलं नाही. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर त्याची बायको एकटीच बसली होती. माझ्याच वयाची. मांडीवर पिशवी.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"ज्याच्या टेम्पोने लागलं त्याची बहीण."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, मला बसायला जागा केली.

"ह्यांच्या अंगात जॅकेट होतं ना," ती मग म्हणाली. "पिवळं. कंपनीने दिलेलं. चमकतं ते. लांबूनपण दिसतं. तुमच्या भावाला दिसलं कसं नाही हो?"

तिने भांडायला नाही विचारलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तिला सांगितलं. काचबिंदूचं, बाबांचं, माझं, दादा तपासायला आला नाही ते, मी शेठकडे गेलेले ते. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"हो."

"फक्त ह्यांना नव्हतं."

तो माणूस त्याच आठवड्यात गेला. तिच्या दिराने पोलिसांना मी सांगितलेलं सगळं सांगितलं. पोलिसांनी मला बोलावलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दादाला डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवण्यात आलं. केस अजून चालू आहे. शेठने टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला आहे.

जे चालवतात त्यांना

मला हे शिकवायच्या सुरात लिहायचं नव्हतं, पण दुसरा सूर मला येत नाही.

चाळिशी झाली की डोळ्यांचा दाब तपासून घ्या. घरात कुणी भिंतीला हात लावत चालायचं का, ते आठवा. नुसती अक्षरं वाचून आलात तर तपासणी झाली असं समजू नका, कडेचं बघणारी तपासणी मागा. दाराची चौकट लागायला लागली, पार्किंग करताना एकाच बाजूला घासायला लागलं, माणसं 'अचानक' समोर यायला लागली, तर किल्ली घरच्यांकडे द्या आणि रिक्षाने डॉक्टरकडे जा. माणूस अचानक येत नसतो. तो कुठून तरी चालत आलेला असतो.

आणि ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनाही एक सांगते. फोनकडे बघत गाडी चालवणारा माणूस तेवढा वेळ माझ्याइतकंच बघतो. मधलं एक वाटोळं, बाकी काही नाही. फरक एवढाच, की त्याला मान वर करता येते.

हे वाचून कुणी तपासायला जाईल का, मला माहीत नाही. माझा सख्खा भाऊ गेला नव्हता.

बाकावर दोघं

हल्ली आमची दोघांची तपासणी एकाच दिवशी असते. ठरवून नाही, तशी तारीख मिळाली. दादाची नजर माझ्यापेक्षा कमी राहिली आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाच. डॉक्टर म्हणाल्या, हे काही वर्षांपासून चालू आहे.

मागच्या वेळी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकून आम्हाला बाकावर बसवलं होतं. वहिनी पाणी आणायला गेली होती. कोर्टाच्या तारखांना मी जाते, पण दादा माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशी बोलला. समोर भिंतीकडे बघत बोलला.

"पोलिसांना तू सांगितलंस."

"हो."

"बरं केलंस की वाईट, मला कळत नाही."

"मलापण नाही कळत, दादा."

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली.

"पण तो अचानक आला होता गं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी खोटं नाही बोललो. देवाशप्पथ. मी बघितलेलं. वळायच्या आधी मी नीट बघितलं."

"तो अर्ध्यापर्यंत आला होता. तिथला टपरीवाला सांगतो. सावकाश चालत होता."

"पिवळं जॅकेट होतं म्हणतात."

"हो."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते हात स्टिअरिंग धरून धरून घट्टे पडलेले. तो त्यांच्याकडे बघत होता, एकेका हाताकडे वेगवेगळं, कारण दोन्ही एकदम आता त्याला दिसत नाहीत.

"मग मला रस्ता रिकामा कसा दिसला, सुजा?"

"तसाच दिसतो," मी म्हटलं. "मलापण तसाच दिसतो."

आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, मग मी त्याच्या दंडाला हात लावला.